नेटची कंपनी बदलायची, की जुन्याच कंपनीची ऑफर घ्यायची?

"थांबा मॅडम, कनेक्शन बंद करू नका. तुम्ही आमच्या जुन्या कस्टमर आहात, तुमच्यासाठी स्पेशल ऑफर बघतो."

हे मी दोनदा ऐकलं आहे. पहिल्यांदा २०२१ मध्ये, दुसऱ्यांदा गेल्या वर्षी. दोन्ही वेळा मी ऑफर घेतली. पहिल्यांदा घेऊन पस्तावले, दुसऱ्यांदा घेऊन समाधानी आहे. ऑफर साधारण एकाच जातीची होती, तक्रार मात्र वेगळी होती, आणि सगळा निकाल त्या तक्रारीवर लागला.

२०२१ मध्ये आमच्याकडे पुण्यात वारज्याला रात्रीचे आठ वाजले की नेट रांगायला लागायचं. यांचे अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल नेमके त्याच वेळी. कंटाळून मी बंद करायला फोन केला. समोरून उत्तर आलं, "त्याच पैशात वेग दुप्पट करून देतो, सहा महिन्यांचे एकदम भरले तर वर दोन महिने फ्री." मी भरले. प्लॅन ५० एमबीपीएसचा १०० चा झाला, आणि रात्री आठला जे चार-पाच मिळत होते ते चार-पाचच राहिले. आमच्या बिल्डिंगपर्यंत येणारी लाइनच त्या वेळी भरून जायची. माझा प्लॅन केवढ्याचा आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आठ महिने अडकलो.

गेल्या वर्षी नेट उत्तम चालू होतं, फक्त महाग वाटायला लागलं होतं. तेव्हा घेतलेली सवलत लागू पडली. सवलत हे पैशाच्या दुखण्यावरचं औषध आहे, तारेच्या दुखण्यावर ते चालत नाही. म्हणून कंपनीला फोन करायच्या आधी आपलं दुखणं कोणतं ते नक्की करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पहिली पायरी: दोन आठवडे खाडे मांडा

दूधवाल्याचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतो, तसेच नेटचे मांडायचे. नेट पूर्ण बंद पडलं तर त्या तारखेच्या चौकटीत 'बंद' आणि किती वेळ ते लिहायचं. हळू असेल तर 'हळू' आणि वेळ. शिवाय दिवसातून दोनदा, सकाळी दहाच्या सुमाराला आणि रात्री नऊला, वेग मोजून तो आकडा लिहायचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका महिन्यात दुधाचे खाडे निळ्या पेनाने आणि नेटचे लाल पेनाने होते. दोन आठवड्यांत लाल रंग कुठे साचतोय ते लांबूनही दिसायला लागलं. सगळा रात्रीच्या बाजूला.

वेग मोजताना एक काळजी घ्या. नेहमीची स्पीड टेस्ट बऱ्याचदा आपल्याच कंपनीच्या किंवा जवळच्याच सर्व्हरवर मोजते, त्यामुळे आकडा छान दिसतो. म्हणून फास्ट डॉट कॉमवरही मोजा. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, म्हणजे प्रत्यक्ष व्हिडिओ बघताना काय मिळेल त्याच्या जास्त जवळचं उत्तर येतं. अपलोडचा आकडाही लिहा. व्हिडिओ कॉलवर आपला आवाज तुटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा अपलोडचा असतो, आणि आपण डाउनलोडकडे बघत बसतो.

आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण साडेबारा एमबी या वेगाने उतरते. मोबाइलवर '१२ एमबी' बघून कंपनीने फसवलं असं समजू नका.

दुसरी पायरी: दोष तारेत आहे की वायफायमध्ये?

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा आणि मोजा. मग तोच लॅपटॉप जिथे नेट हळू वाटतं तिथे, म्हणजे बेडरूममध्ये किंवा गॅलरीत, नेऊन वायफायवर मोजा. केबलवर ९५ आणि बेडरूममध्ये १२ येत असतील तर कंपनी निर्दोष आहे. घोडं भिंतीपाशी पेंड खातंय. नवी कंपनी आणलीत तरी नवा माणूस त्याच भोकातून तार आत घेईल, राउटर त्याच टीव्हीच्या मागे ठेवेल, आणि बेडरूममध्ये पुन्हा १२ च येतील. इथे इलाज म्हणजे राउटर घराच्या मध्यावर आणणं, किंवा बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावणं. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दाखवत असेल तर जवळ बसताना ५ वाल्याला जोडा. २.४ भिंती ओलांडतं, पण शेजारपाजारच्या सगळ्या वायफायची गर्दीही तिथेच असते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्लॅन २०० चा आहे आणि केबलवरही आकडा ९४ च्या आसपास अडकून राहतो, एक दिवसही वर जात नाही, तर राउटरचं पोर्ट १०० चं असू शकतं, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतात. हे कंपनीकडून फुकट दुरुस्त करून घ्यायचं काम आहे. रिटेन्शनवाल्याने, म्हणजे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला थांबवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, 'वेग वाढवून देतो' म्हटलं तर आधी राउटर गिगाबिट (म्हणजे १,००० च्या पोर्टचा) आहे का विचारा, नाहीतर ३०० चा प्लॅनही ९४ च देईल.

फायबर असेल तर राउटरवरचा एलओएस दिवा बघा. लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. टेक्निशियन येईल तेव्हा त्याला सरळ विचारा, "दादा, पॉवर किती येतोय?" तो मीटर लावून तारेतल्या प्रकाशाच्या ताकदीचा उणे आकडा सांगेल. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ म्हणजे काठावर, पावसापाण्यात कधीही जाईल. कपाटाखाली तार दुमडलेली असणं किंवा बाहेरचा जोड खराब असणं, बहुतेक वेळा एवढंच असतं आणि अर्ध्या तासात सुधारतं. एवढ्यासाठी कंपनी बदलू नये.

केबलवरसुद्धा रोज रात्रीच वेग पडत असेल, किंवा महिन्यात चार-पाचदा लाइन बंद पडत असेल आणि तक्रारी करूनही फरक नसेल, तर मात्र दुखणं कंपनीच्या बाजूचं आहे. अशा वेळी कितीही गोड ऑफर आली तरी घेऊ नका.

तिसरी पायरी: तुमच्या बिल्डिंगमध्ये खरोखर कोण येतं?

जाहिरात शहराची असते, तार बिल्डिंगची असते. जिओ, एअरटेल, बीएसएनएल भारत फायबर, टाटा प्ले फायबर, हॅथवे, शिवाय गल्लीतला केबलवाला, अशी नावं पुष्कळ दिसतात. पण तुमच्या विंगमध्ये प्रत्यक्षात दोन किंवा तीनच पोचलेले असतात. सेल्सवाल्याला विचारू नका. त्याच विंगमधल्या शेजाऱ्यांना विचारा, आणि 'कसं आहे?' असं मोघम नको. रात्री नऊला किती येतो, गेल्या महिन्यात किती वेळा गेलं, तक्रार केल्यावर माणूस कधी आला, हे तीन प्रश्न पुरतात. जमलं तर रात्री त्यांच्या घरी जाऊन पाच मिनिटं मोजून या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चहा देऊन मोजू दिलं होतं. कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्या एका आकड्याचा मला उपयोग झाला.

शेजाऱ्यांकडे हेही बघा, की घरात फायबर येते की गच्चीवरून लॅन केबल. यावर बरंच काही ठरतं. फायबर थेट घरापर्यंत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरना, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या जोडांना, वीज लागत नाही. वीज गेली तरी राउटर इन्व्हर्टरवर ठेवला की नेट चालू राहण्याची शक्यता खूप जास्त. पण गच्चीवर स्विचची पेटी आणि तिथून घरोघरी लॅन केबल अशी रचना असेल तर त्या पेटीला वीज लागते. महावितरणची वीज गेली की पेटी बंद, आणि तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहते तेव्हा घरून काम करणाऱ्यांना हे चांगलंच जाणवतं. पेटीला बॅकअप आहे का आणि किती तासांचा, हे केबलवाल्याला विचारूनच घ्या.

काही भागांत दोन कंपन्यांची शेवटची तार एकच स्थानिक माणूस सांभाळतो. बिघाडाला तोच येणार असेल तर कंपनी बदलून नाव बदलेल, माणूस तोच राहील. हेही विचारा.

गावाकडे चित्र वेगळं आहे. कोकणात माझ्या सासरी एकच फायबर पोचली आहे, दुसरा पर्याय ५जी वर चालणाऱ्या एअरफायबरचा, म्हणजे तारेऐवजी घराबाहेर डबा बसवून मिळणाऱ्या नेटचा. तिथे आधी त्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून घराच्या ज्या बाजूला डबा बसणार त्या बाजूला उभं राहून दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा. आणि आईवडिलांच्या घराचा सीसीटीव्ही तुम्ही शहरातून बघत असाल तर नव्या कनेक्शनवर तो दिसेल का, हे बसवणाऱ्याकडून नक्की करून घ्या. अनेक कनेक्शनांत शेकडो ग्राहकांना मिळून एक पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा बाहेरून दिसणारा पत्ता, असतो. क्लाउडवर चालणारे कॅमेरे त्यातही चालतात, जुन्या पद्धतीने जोडलेला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) बाहेरून उघडत नाही.

चौथी पायरी: तुमचा आकडा काढा

जाहिरातीतला आकडा जीएसटी सोडून असतो. ब्रॉडबँडवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४९९ चे ५८८.८२ होतात आणि ७९९ चे ९४२.८२. शिवाय 'एक महिना फ्री' सारख्या गोष्टींमुळे तुलना अवघड होते. म्हणून सगळं एकाच मुदतीवर आणून मांडा. गेल्या वर्षी मी असं मांडलं होतं.

नवी कंपनी, १०० एमबीपीएस: ५९९ प्रमाणे १२ महिन्यांचे ७,१८८, जीएसटी धरून ८,४८१.८४. इन्स्टॉलेशन १,००० अधिक जीएसटी, म्हणजे १,१८०. एकूण ९,६६१.८४, आणि एक महिना फ्री असल्याने चालणार १३ महिने. बदलताना पंधरा दिवस दोन्ही कनेक्शनं चालू ठेवायची, त्यासाठी जुन्या ७९९ च्या प्लॅनचे अर्ध्या महिन्याचे जीएसटीसह ४७१. म्हणजे १३ महिन्यांचा खरा खर्च सुमारे १०,१३३ रुपये.

जुनी कंपनी: आहे तसंच चालू ठेवलं तर ७९९ प्रमाणे १३ महिन्यांचे १२,२५६.६६. फरक २,१२३ रुपयांचा.

मग उलटा हिशेब केला. जुन्या कंपनीने किती केलं तर दोन्ही सारखं पडेल? ६४९ प्रमाणे १२ महिने आणि तेराव्या महिन्याला पूर्ण ७९९ धरले तर १०,१३२.६६ होतात. जवळजवळ बरोबर. म्हणजे माझा आकडा ६४९, आणि तोही पूर्ण वर्षासाठी. तेवढं दिलं तर राहायचं, नाही दिलं तर जायचं. हा आकडा मी चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी ठेवला.

तुमच्या हिशेबात आणखी काही गोष्टी येऊ शकतात. नवा राउटर विकत घ्यावा लागणार असेल तर तो धरा, परत मिळणारं डिपॉझिट वेगळं ठेवा. ओटीटी फुकट मिळणार असेल तर त्याची किंमत तेव्हाच धरा, जेव्हा ते तुम्ही आज स्वतःच्या पैशाने घेत आहात. न बघितल्या जाणाऱ्या चार ॲप्सची किंमत शून्य. अनलिमिटेड म्हटलेल्या प्लॅनलाही महिन्याची डेटा मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ती बऱ्याचदा ३,३०० जीबी असते, साध्या घराला तेवढी लागत नाही. पण छोट्या कंपनीच्या प्लॅनमध्ये ती किती आणि संपल्यावर वेग किती, हे वाचा. वेगाची गरजही मोजून घ्या. ४के व्हिडिओला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं. चौघांच्या घराला १०० चा नीट चालणारा प्लॅन पुरतो, नुसता कागदावरचा ३०० चा नको.

पाचवी पायरी: फोन

फोन करताना कस्टमर केअरच्या पहिल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं. 'कनेक्शन बंद करायचं आहे' एवढं म्हटलं की कॉल ज्यांना सवलत द्यायचा अधिकार आहे त्यांच्याकडे जातो. तिथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझा फोन असा झाला:

"मॅडम, का बंद करताय?"

"नेट चांगलं आहे, तक्रार नाही. दुसरीकडे मला सगळं धरून तेरा महिन्यांना दहा हजारांच्या आसपास पडतंय, तुमच्याकडे बारा हजारांच्या वर."

"मी तुम्हाला सहा महिने ६९९ ने देतो."

"सहा महिने नको, वर्षाचं सांगा. मला ६४९ लागतील, बारा महिने."

"मॅडम, तेवढं नाही होणार. वेग २०० करून देऊ का?"

"मला १०० पुरतात. तुम्ही विचारून घ्या, मी उद्या याच वेळी बोलेन."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, ६४९ ला तयार होते. 'आजच्या आज घ्या, उद्या ऑफर जाईल' असं ते म्हणतातच. उद्यापर्यंत थांबायला घाबरू नका, कारण नव्या कंपनीचा पर्याय तुमच्या हातात आहे. तो खरा हवा मात्र. खोटा आकडा सांगू नका. समोरच्याला तुमच्या भागातले दर ठाऊक असतात.

'हो' म्हणायच्या आधी पाच गोष्टी मेसेजवर किंवा ईमेलवर मागून घ्या: दर जीएसटीसह किती, किती महिन्यांसाठी, त्यानंतर दर किती, मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि प्लॅनचं नाव. फोनवरचं बोलणं पुढच्या बिलाच्या वेळी कोणाला आठवत नाही. शक्य असेल तर सहा किंवा बारा महिन्यांचे एकदम भरू नका. महिन्याला चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील. माझे आठ महिने त्या एकरकमी भरण्यानेच अडकले होते.

तक्रार तारेची असेल तर पैशाचं बोलूच नका. "अमुक तारखेपर्यंत लाइन सुधारा, रात्री नऊला केबलवर किमान ८० आले पाहिजेत, नाहीतर बंद करते," असं सांगा आणि प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर कॅलेंडरवर लिहा. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) नियमांत बिघाड लांबला तर भाड्यात सूट मिळते: तीन दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर सात दिवसांचं भाडं, सातपेक्षा जास्त झाले तर पंधरा दिवसांचं, पंधरा उलटले तर महिन्याचं. ती आपणहून क्वचितच मिळते, मागावी लागते. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सहावी पायरी: बदलायचं ठरलं तर

नवं कनेक्शन बसून पंधरा दिवस होईपर्यंत जुनं तोडू नका. या काळात पुन्हा सकाळ-रात्र आकडे मांडा. बसवल्याच्या दिवशी कुठलीही कंपनी छान वाटते, पहिल्या शनिवारच्या रात्री खरं काय ते कळतं. आगीतून फुफाट्यात गेलो असं वाटलं तर जुनं चालू असतं, आणि रिटेन्शनची ऑफर त्या पंधरा दिवसांतही मिळते.

ब्रॉडबँडबरोबर लँडलाइन नंबर असेल तर तो कुठे कुठे दिला आहे ते आधी आठवा. मोबाइलसारखी नंबर पोर्ट करायची सोय लँडलाइनला नाही, नंबर जाणार. आमच्या सासऱ्यांचा पेन्शनच्या बँकेत तोच नंबर होता. तो आधी बदलून घेतला, मगच पुढचं पाऊल टाकलं.

बंद करायची विनंती ईमेलने करा आणि विनंतीचा नंबर घ्या. पुन्हा पुन्हा फोन फिरवत ठेवतात, ॲपमध्ये बंद करायचं बटण सापडतच नाही, असं झालं तर १९१५ वर तसं सांगा. बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांबद्दलच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार मना असलेला प्रकार आहे.

मग यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचं मँडेट, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, स्वतःच्या हाताने रद्द करा. कनेक्शन बंद झालं की ते आपोआप जातं असं समजू नका. राउटर न्यायला माणूस येईल तेव्हा राउटर, त्याचा ॲडॉप्टर आणि मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, आणि सही-तारखेची पावती घेतल्याशिवाय तो देऊ नका. पावती नसली की चार महिन्यांनी राउटरच्या पैशांचं बिल येतं आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं. डिपॉझिट भरलेलं असेल तर बंद झाल्यापासून ४५ दिवसांत परत मिळायला हवं. कॅलेंडरवर दिवस मोजा, पंचेचाळिसाव्या चौकटीत लाल पेनाने 'डिपॉझिट' लिहा आणि पावती त्याच पानाला टाचणीने लावून ठेवा.